उभ्या माणसाचे जठर

मराठीत ‘पोट’ हा शब्द फार ऐसपैस आहे. भूक पोटात लागते, मूल पोटात वाढते, गुपित पोटात राहते आणि माया पोटातून येते. त्यामुळे ‘पोटात दुखते’ असे म्हणणारा माणूस हात ठेवतो तो बहुधा बेंबीवर. वास्तविक ज्या अवयवाला जठर म्हणतात, त्याचा मोठा भाग बेंबीच्या बराच वर, डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड दडलेला असतो. शालेय तक्त्यांवरही तो तसाच रंगवलेला दिसतो: डावीकडे कललेली, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकलेली एक गुलाबी पिशवी. तिची जागा ठरलेली, आकार ठरलेला.

हे चित्र चुकीचे नाही. परंतु ते कोणाचे चित्र आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कित्येक शतके जठराची जागा मोजली गेली ती आडव्या, निश्चल, मृत देहात. जिवंत माणूस उभा राहतो, जेवतो, घाबरतो, श्वास घेतो, तेव्हा हाच अवयव कोठे असतो, हे विज्ञानाला कळून जेमतेम सव्वाशे वर्षे झाली. आणि ते कळू लागल्यावर पहिली काही वर्षे वैद्यकाने त्याचा अर्थ उलटा लावला. त्या चुकीची किंमत अनेक रुग्णांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजली.

आधी आजचे पाठ्यपुस्तक काय सांगते ते पाहू. अन्ननलिका श्वासपटलाला भेदून खाली उतरते आणि मध्यरेषेच्या किंचित डावीकडे, पाठीच्या अकराव्या मणक्याच्या पातळीवर जठराला मिळते. जठराचे दुसरे टोक म्हणजे जठरनिर्गम. तेथून अन्न लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, शिरते. हे टोक मध्यरेषेच्या थोडे उजवीकडे, कमरेच्या पहिल्या मणक्यासमोर असते. या दोन टोकांमध्ये पिशवीला दोन कडा आहेत: उजवीकडची आखूड, आत वळलेली आणि डावीकडची लांब, बाहेर फुगलेली. लांब कडेची लांबी आखूड कडेच्या चार-पाच पट भरते. समोर यकृताचा डावा भाग व पोटाची भिंत, वर श्वासपटल, आणि मागे स्वादुपिंड, प्लीहा, डावे मूत्रपिंड, त्यावरील अधिवृक्क ग्रंथी व आडव्या मोठ्या आतड्याचा पडदा. मागच्या या अवयवांच्या समूहाला शरीररचनाशास्त्रात ‘जठराची शय्या’ असे सुरेख नाव आहे. नवजात बालकाच्या जठरात सुमारे ३० मिलिलिटर द्रव मावतो, तर प्रौढाचे जठर साधारण दीड लिटरपर्यंत ताणले जाऊ शकते.

या वर्णनातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जठर बऱ्यापैकी स्थिर असते ते केवळ वरच्या टोकाशी. खालचे टोक त्यामानाने मोकळे, आणि मधला भाग पातळ पडद्यांच्या आधाराने झुललेला. झोपाळ्याच्या दोऱ्या कोठे बांधल्या आहेत हे सांगता येते. मधली फळी कोठे आहे हे मात्र कोणी बसले आहे का, यावर ठरते.

भारतात या अवयवाच्या जागेची नोंद फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आमाशयाची जागा नाभी आणि स्तन यांच्या मध्ये सांगितली असून खाल्लेले, प्यालेले, चाटलेले अन्न तेथे पचते असे म्हटले आहे. आमाशय ही संकल्पना आजच्या जठराशी तंतोतंत जुळत नाही. तरीही बेंबीवर हात ठेवणाऱ्या माणसापेक्षा चरकाचे बोट नेमक्या जागी पडते, हे मान्य करावे लागते. सुश्रुताने शरीरातील आशयांची गणना करताना आमाशय आणि पक्वाशय वेगळे मोजले, आणि देह प्रत्यक्ष पाहण्याची रीतही सांगितली. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचे शव निवडावे, आतड्यांतील मळ काढून टाकावा, गवताने वेढून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, आणि मऊ झालेला देह वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासत थराथराने पाहावा. शस्त्राने न कापता देह उलगडण्याची ही युक्ती होती. मात्र सात रात्री पाण्यात राहिलेल्या देहात हाडे, स्नायूंचे बंध, सांधे जसे टिकतात, तशी जठरासारखी मऊ पिशवी टिकत नाही. पद्धतीने जे दाखवले तेच ज्ञान झाले. तिने जे विरघळवले ते अज्ञातच राहिले.

पुढे अनेक शतके ही परंपरा खंडित राहिली. तिचा धागा पुन्हा जुळला तो कोलकात्यात. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज स्थापन झाले, आणि १८३६ मध्ये तेथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. आधुनिक भारतीय वैद्यकशिक्षणाच्या इतिहासातील हा ठळक प्रसंग मानला जातो. गुप्त हे मुळात आयुर्वेदाचे पंडित. संस्कृत कॉलेजात ते वैद्यक शिकवीत. हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी पुस्तकाचे त्यांनी संस्कृत भाषांतर केले होते. शवस्पर्शाविषयीचा सामाजिक निषेध तेव्हा इतका तीव्र होता की उच्चवर्णीय पंडिताने हातात सुरी घेणे ही साधी शैक्षणिक घटना नव्हती. त्या दिवसानंतर भारतीय विद्यार्थ्याला जठराची जागा श्लोकातून पाठ करण्याऐवजी स्वतःच्या हाताने चाचपून पाहता येऊ लागली. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांनाही ती वाट खुली झाली.

परंतु ज्या देहावर हा अभ्यास चालला होता, त्या देहातच एक अडचण होती. जठर हा मृत्यूनंतर फार लवकर बदलणारा अवयव आहे. स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विलक्षण निरीक्षण मांडले होते. काही मृतदेहांत जठराची भिंत विरघळून तिला भोक पडलेले आढळे. ते कोणत्या रोगाने पडलेले नव्हते. जिवंतपणी स्वतःच्या पाचकरसापासून बचाव करणारी भिंत मृत्यूनंतर तो बचाव गमावते, आणि जठर स्वतःलाच पचवू लागते. शिवाय स्नायूंचा ताण गेला की पिशवी ढिली पडते. आडव्या देहात पोटातील अवयव छातीच्या दिशेला सरकतात. छातीतील हवा निघून गेल्याने श्वासपटल वर चढते. विच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्यापुढे येणारे जठर अशा रीतीने जिवंत माणसातील जागेपेक्षा बरेच वर सरकलेले आणि पसरट झालेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अडचण कमी करण्याचे प्रयत्न झाले. कोणी गोठवलेल्या शवांचे आडवे-उभे काप घेतले. १८९३ मध्ये फेर्डिनांड ब्लुम यांनी फॉर्मेलिनचा गुण ओळखला आणि ऊती घट्ट करून अवयवांचा आकार टिकवणे सोपे झाले. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर ॲडिसन या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांची चिकाटीने असंख्य मोजमापे घेऊन पोटावर काल्पनिक रेषा आखल्या. उरोस्थीच्या वरच्या खाचेपासून जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर एक आडवी पातळी कल्पावी. जठरनिर्गम तिच्यावर सापडेल, असे त्यांनी दाखवले. ही पातळी आजही प्रत्येक एमबीबीएसचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. हेच ॲडिसन पुढे राजकारणात गेले आणि १९१९ मध्ये ब्रिटनचे पहिले आरोग्यमंत्री झाले. त्यांची मोजमापे काटेकोर होती. मोजलेले देह मात्र सारे आडवे होते.

याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळीच विचारधारा मूळ धरत होती. ल्यों येथील वैद्य फ्रांत्स ग्लेनार यांनी १८८५ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला की पोटातील अवयव त्यांच्या जागेवरून खाली घसरतात आणि अपचन, थकवा, अस्वस्थता, निद्रानाश अशा तक्रारींचे मूळ या घसरणीत असते. उपाय म्हणून त्यांनी पोटाला आधार देणारा पट्टा सुचवला. पट्टा निरुपद्रवी होता. सिद्धांत तसा नव्हता. कारण ‘घसरले’ म्हणायला मूळ जागा ठाऊक असावी लागते, आणि ती मूळ जागा मृतदेहावरून घेतलेली होती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हिल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाडांची छायाचित्रे जगभर गाजली. पण जठरासारखा मऊ अवयव त्या किरणांना अडवत नसल्याने अदृश्यच राहिला. त्याला दृश्य करण्याची युक्ती लवकरच सापडली. १८९६ च्या शेवटी हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने, प्राध्यापक बाउडिच यांच्या सूचनेवरून, प्राण्यांचे गिळणे क्ष-किरणांखाली पाहण्यास सुरुवात केली. प्रथम कुत्र्याने गिळलेले बटण, नंतर हंसाच्या लांब मानेतून उतरणारा घास, आणि पुढे बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न खाल्लेली मांजर. बिस्मथ क्ष-किरणांना अडवतो. त्यामुळे अन्न जेथे जाईल तेथे गडद सावली दिसे. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कॅनन यांनी जिवंत जठराच्या लाटांसारख्या हालचालींचे वर्णन केले. त्यात एक नोंद अशी होती की मांजर चिडली, घाबरली की या लाटा पूर्ण थांबत; ती शांत झाली की पुन्हा सुरू होत. शरीररचनेच्या तक्त्यावरील स्तब्ध पिशवी येथे प्रथमच मनाशी जोडलेला, हलता-थांबता अवयव म्हणून दिसली. संरक्षणाची साधने नसलेल्या त्या काळात केलेल्या या कामाची किंमत कॅनन यांना उतारवयात त्वचेच्या विकाराच्या रूपाने मोजावी लागली.

माणसावर हे तंत्र सुलभ केले ते म्युनिकच्या हेर्मान रीडर यांनी, १९०४ मध्ये. लापशीत बिस्मथ कालवून रुग्णाला खाऊ घालायचे आणि उभे करून पडद्यावर पाहायचे. पुढे बिस्मथच्या त्या क्षाराने विषबाधा होऊ शकते असे दिसल्यावर १९१० पासून त्याची जागा अविद्राव्य, निर्धोक बेरियम सल्फेटने घेतली. भारतातील रुग्णालयांत अनेक दशके परिचित असलेली ‘बेरियम मील’ तपासणी ती हीच.

पडद्यावर जे दिसले त्याने वैद्य चक्रावले. उभ्या माणसाचे जठर पुस्तकातल्याइतके वर नव्हतेच. अनेकांत ते मासे पकडण्याच्या गळासारखे लांब लोंबत बेंबीच्या खाली उतरलेले होते. काहींत मात्र बैलाच्या शिंगासारखे आडवे, वर राहिलेले दिसे. खरे निरोगी जठर कोणते? रीडर यांनी गळासारखा आकार स्वाभाविक मानला. व्हिएन्नाचे गुइडो होल्त्सक्नेख्त शिंगाच्या आकाराला आदर्श मानत. ज्यांचा पुस्तकावर विश्वास होता, त्यांना सरळ उत्तर दिसले: लोंबणारे जठर म्हणजे घसरलेले जठर. ग्लेनार यांच्या सिद्धांताला जणू छायाचित्राचा पुरावा मिळाला.

जठर वर ओढून टाके घालण्याच्या शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच सुरू झाल्या होत्या. फिलाडेल्फियाचे हेन्री बेया जठराला आधार देणाऱ्या पडद्यांना चुण्या घालून ते उचलत. कोपनहेगनचे थोर्किल्ड रोव्हसिंग ते पोटाच्या पुढच्या भिंतीला शिवत. क्ष-किरणांनी अशा ‘रुग्णां’चा शोध घेणे सोपे केले. सडपातळ, थकलेल्या, अपचनाने त्रासलेल्या व्यक्ती, त्यांत स्त्रिया विशेष, या निदानाच्या धनी ठरल्या. त्यांचे दुखणे खोटे नव्हते. त्याचे कारण म्हणून पडद्यावर जी सावली दाखवली जात होती, ती मात्र निरोगी माणसातही तशीच दिसली असती. अडचण एवढीच की निरोगी माणसाला बेरियम पाजून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. रुग्णालयात येणारे आजारी असतात. विच्छेदनगृहात येणारे मृत असतात. धडधाकट माणूस या दोन्ही दारांतून आत येत नाही.

या कोंडीतून वाट काढली ती दोन अभ्यासांनी. १९१७ मध्ये सेंट लुइसचे वॉल्टर मिल्स यांनी शरीराची ठेवण आणि जठराची जागा यांचा संबंध दाखवला. रुंद छातीच्या, भक्कम बांध्याच्या माणसात जठर वर आणि आडवे राहते. अरुंद, लांबट बांध्याच्या माणसात ते खाली लांब उतरते. दोन्ही आपापल्या जागी स्वाभाविक. त्यानंतर १९२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०० निरोगी प्रौढांना उभे करून क्ष-किरणांखाली तपासले आणि जठर, यकृत व मोठे आतडे यांच्या जागा नोंदवल्या. बहुसंख्य निरोगी तरुण-तरुणींत जठराचे सर्वांत खालचे टोक कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेच्याही खाली होते. घसरलेले म्हणून ज्याला टाके घातले जात, ते धडधाकट विद्यार्थ्यांतही सर्रास आढळत होते. मूडी यांनी पुढे ब्रिटिश तरुणांवरही असाच अभ्यास केला आणि चित्र तसेच निघाले. जठर वर शिवण्याच्या शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडल्या.

मूडी यांच्या अभ्यासात नवे यंत्र नव्हते, नवे रसायन नव्हते. ‘स्वाभाविक’ हा शब्द वापरण्यापूर्वी स्वाभाविक माणसे मोजली पाहिजेत, एवढाच त्याचा आग्रह होता. रक्तातील एखाद्या घटकाची पातळी असो वा बालकाची उंची, वैद्यक आज प्रत्येक मर्यादा ठरवताना हाच नियम पाळू पाहते. परदेशातील लोकसंख्येवरून बांधलेले मापदंड भारतीय शरीरांना लावावेत का, हा देशातील वैद्यकक्षेत्रात वारंवार उठणारा प्रश्नही याच जातीचा आहे.

सावलीवरून प्रत्यक्ष दर्शनापर्यंतचा पुढचा टप्पा गाठण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १८६८ मध्ये अडॉल्फ कुस्माउल यांनी तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या घशातून सरळ नळी जठरात घालून पाहिली होती. पण नळी सरळ, जठर वाकडे, आणि उजेड अपुरा. प्रकाश सरळ रेषेत जातो, ही येथे खरी अडचण होती. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले आणि आग्रा विद्यापीठात शिकलेले नरिंदरसिंग कपानी यांनी नेमक्या याच समजुतीला आव्हान दिले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून वळणे घेत प्रतिमा नेऊन दाखवली. तो निबंध जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ लंडनला जाऊन त्यांना भेटले, आणि १९५७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेली लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळली. जठराच्या आखूड कडेवरील तीव्र वळण, ज्यापाशी सरळ नळ्या अडत, ते आता ओलांडता येऊ लागले. कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. देशभरातील रुग्णालयांत रोज होणाऱ्या एंडोस्कोपीच्या मुळाशी त्यांचे हे काम आहे.

जठराची जागा ठाऊक असणे हा केवळ परीक्षेचा विषय नाही. जठराचा वरचा घुमट आणि हृदय यांच्यामध्ये मुख्यतः श्वासपटलाचाच पडदा असतो, आणि दोहोंच्या वेदना मेंदूकडे नेणारे मार्गही बरेचसे समाईक आहेत. म्हणून हृदयविकाराच्या झटक्याची वेदना कधी छातीऐवजी पोटाच्या वरच्या खळग्यात जाणवते आणि ‘ॲसिडिटी’ समजून सोडा किंवा गोळी घेतली जाते. घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ सोबत असेल, तर जठराला दोष देत घरी थांबण्याऐवजी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. बेंबीवर हात ठेवून ‘पोट’ म्हणण्याच्या सवयीत हा धोका झाकला जातो.

आज चांगल्या पाठ्यपुस्तकात जठरनिर्गमाची पातळी ‘कमरेचा पहिला मणका’ अशी दिलेली असते, आणि शेजारी छोटी अट असते: माणूस आडवा, जठर रिकामे. उभे राहिल्यावर तेच टोक एक-दोन मणके, कधी त्याहूनही खाली जाऊ शकते. परीक्षेच्या घाईत विद्यार्थी पहिला भाग पाठ करतो आणि अट गाळतो. एका पिढीतील नामांकित शल्यविशारदांनीही नेमकी तीच अट गाळली होती.